टीटी-०२ वर पैसे कुठे घालावेत? टूरिंग कारचे सुटे भाग आणि अपग्रेड, क्रमाक्रमाने

पहिल्या वर्षी मी माझ्या टीटी-०२ ला, म्हणजे टामियाच्या रिमोटवर चालणाऱ्या छोट्या गाडीला, निळ्या ॲल्युमिनियमचे इतके भाग चढवले होते, की गाडी उलटी केली की सराफाचा ट्रे बघितल्यासारखं वाटायचं. रविवारी सकाळी सोसायटीच्या मागच्या रिकाम्या पार्किंगमध्ये आम्ही चौघं गाड्या फिरवतो. त्यातल्या एका कॉलेजच्या पोराकडे हीच गाडी होती. बेअरिंग, ऑइल डॅम्पर (तेल भरलेले शॉक ॲब्झॉर्बर) आणि बरे टायर एवढंच त्यानं बदललेलं, बाकी सगळं किटमधलं (गाडी जोडायच्या मूळ संचातलं) काळं प्लास्टिक. दर फेरीला तो मला वळणावर आतून काढून पुढे जायचा. शेवटी मी त्याच्याकडून पाच मिनिटं रिमोट मागून घेतला. त्याची गाडी सरळ सोडली की सरळ जात होती. माझी पिऊन आल्यासारखी डावी-उजवीकडे झुलायची आणि मी ते सावरण्यातच गुंतलेला असायचो.

तेव्हापासून मी एकच नियम पाळतो. जो दोष हाताला किंवा डोळ्यांना जाणवतो, त्याच्यावरच पैसे घालायचे आणि तेही क्रमाने. आधी घर्षण, मग ढिलेपणा, मग डॅम्पर आणि टायर. मोटरचा नंबर सगळ्यांत शेवटी. बहुतेक जण याच्या बरोबर उलटं करतात. मीही केलं होतं.

गाडीबद्दल थोडं

टामिया ही जपानमधल्या शिझुओका शहरातली कंपनी. टीटी-०२ हा तिचा १/१० मापाचा, चारही चाकांना ताकद देणारा, शाफ्टवर चालणारा चॅसिस २०१३ मध्ये आला. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २५७ मिमी, त्यामुळे १९० मिमी रुंदीच्या टूरिंग कारच्या बहुतेक बॉडी यावर बसतात. चॅसिस बाथटबसारखा खोलगट आहे, त्यामुळे धूळ-खडे खालून गिअरपर्यंत सहज पोचत नाहीत. आपल्याकडच्या रस्त्यांवर हा गुण सोन्यासारखा.

किट घेण्याआधीच एक हिशेब करून ठेवा. याच कुटुंबात टाइप-एस, आर, एसआर अशा आवृत्त्या आहेत. त्यांत सस्पेन्शन सुधारलेलं असतं किंवा बरेच ऑप्शन (एरवी वेगळे विकत घ्यायचे) भाग आधीच घातलेले असतात. रेस लावायचीच हे ठरलेलं असेल, तर साधं किट घेऊन त्यात एकेक भाग भरत बसणं शेवटी महाग पडतं. डॅम्पर, स्टिअरिंग, शाफ्ट आणि युनिव्हर्सल (चाकं फिरवणारे सांध्याचे दांडे) यांची बेरीज एकदा कागदावर मांडा. ती बऱ्याचदा वरच्या आवृत्तीच्या किमतीच्या पुढे जाते. पण रविवारी मजा म्हणून गाडी फिरवायची असेल तर साधंच किट घ्या. आपटली तरी जीव हळहळत नाही.

सगळ्यांत पहिली खरेदी: स्क्रू ड्रायव्हर

हसू नका. टामियाचे अधिक चिन्हाचे स्क्रू जपानी जेआयएस मापाचे असतात. घरातला साधा फिलिप्स ड्रायव्हर त्यात नीट बसत नाही, जोर दिला की वर उचलला जातो आणि स्क्रूचं डोकं खातो. दोन-तीनदा गाडी उघडली की डोकी गुळगुळीत होतात, मग पक्कड घेऊन झटापट. दोन नंबरचा जेआयएस ड्रायव्हर एकदा घेतला की ही कटकट संपते.

दुसरी गोष्ट आट्यांची. प्लास्टिकमध्ये स्क्रू परत बसवताना आधी तो हलक्या हातानं उलटा फिरवा. एका जागी टक् असा बारीक आवाज येतो आणि स्क्रू केसभर खाली बसतो. तिथून सुलटा फिरवायचा. म्हणजे तो जुन्या आट्यांतच जातो, नवे कापत नाही. आटे मेले की तो पूर्ण भागच बदलावा लागतो. धातूत धातू जाणाऱ्या स्क्रूला, विशेषतः पिनिअनच्या (मोटरवरच्या लहान दातेरी चाकाच्या) बिनडोक्याच्या ग्रब स्क्रूला आणि मोटरच्या स्क्रूंना, थ्रेडलॉकचा (स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एक थेंब लावा. प्लास्टिकला मात्र चुकूनही लावू नका, त्यानं काही प्लास्टिक तडकतं.

बेअरिंग

साध्या किटमध्ये बहुतेक जागी प्लास्टिकच्या बुश येतात. बुशमध्ये शाफ्ट घासत फिरतो. मोटरची ताकद त्यात वाया जाते, बॅटरी लवकर उतरते आणि धूळ गेली की बुशचं भोक अंडाकृती होतं. मग चाकाला प्ले, म्हणजे ढिलेपणा, येतो. म्हणजे एका भागात तीन दोष. म्हणूनच बॉल बेअरिंग पहिलं, आणि शक्यतो किट जोडतानाच घाला. नंतर घालायचं म्हटलं तर अख्खी गाडी उघडावी लागते.

सगळ्यांत जास्त लागणारा आकार ११५०, म्हणजे बाहेरून ११ मिमी, आतून ५ मिमी आणि जाडी ४ मिमी. बाकीच्या जागांचे आकार मॅन्युअलच्या भागांच्या यादीत बघून घ्या. टीटी-०२ चा तयार सेटही मिळतो. रबर सील आणि धातूची झाकणी असे दोन प्रकार असतात. मी बाहेरच्या, चाकांजवळच्या जागी रबर सीलवालं घालतो, कारण धूळ तिथूनच शिरते. सिरॅमिक बेअरिंगवर या गाडीत पैसे घालणं म्हणजे बैलगाडीला रेसिंग टायर.

पावसाळ्याचं एक सांगतो. ओल्या रस्त्यावर गाडी चालवली तर त्याच संध्याकाळी चाकं काढून बेअरिंग पुसा आणि पातळ तेलाचा एक थेंब सोडा. आठवडाभर तशीच ठेवली की गंज पकडतो, आणि चाक फिरवलं की जात्यासारखी घरघर ऐकू येते. असं घरघरणारं बेअरिंग सरळ फेकून द्या, ते वाचवण्यात अर्थ नाही.

ढिलेपणा कुठे आहे ते शोधणं

गाडी टेबलावर ठेवा, रिमोट चालू करा आणि सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर) मधोमध येऊ द्या. मग पुढचं एक चाक दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवा. किती हलतं ते बघा आणि ते हलताना नेमकं काय हलतंय तेही बघा. चाकाचा हब? नकलचा (चाक धरून वळणाऱ्या भागाचा) पिव्होट? मधली स्टिअरिंगची तरफ? की सर्व्हो सेव्हर (धक्क्यात सर्व्होला वाचवणारी स्प्रिंगची तरफ)? बहुतेक वेळा चारही जागी थोडं-थोडं असतं, आणि सगळ्यांची बेरीज होऊन गाडी रस्त्यावर नागिणीसारखी चालते.

यातली अर्धी दुरुस्ती जवळजवळ फुकट आहे. ५ मिमी भोकाचे ०.१, ०.२ आणि ०.३ मिमी जाडीचे शिम वॉशर मिळतात. चाकाचा ॲक्सल आत-बाहेर हलत असेल तर हब आणि बेअरिंगच्या मध्ये ०.१ चा शिम घाला. चाक अडकतंय का बघा, नसेल तर अजून एक. चाक मोकळं फिरलं पाहिजे पण आत-बाहेर डुगडुगायला नको, या दोन्हीच्या मधली जागा शोधायची. संध्याकाळचा एक तास जातो. पण हा एक तास मला माझ्या सगळ्या निळ्या भागांपेक्षा जास्त कामाला आला.

पुढची पायरी सर्व्हो सेव्हर. किटमधल्या सेव्हरची स्प्रिंग मऊ असते. जोरात वळवलं की सर्व्हो फिरतो पण चाकं मागे राहतात. टामियाचा हाय-टॉर्क सर्व्हो सेव्हर हा स्वस्तातला उत्तम अपग्रेड आहे, हा भाग मी डोळे झाकून सुचवतो. त्यानंतर ॲल्युमिनियमचा स्टिअरिंग सेट, ज्यात तरफांना बेअरिंग बसतात. ॲल्युमिनियम घ्यावंच असा माझ्या यादीतला हा पहिला भाग, कारण इथे धातूचा खरोखर उपयोग होतो.

सर्व्होबद्दल थोडक्यात: नेहमीच्या मापाचा, मेटल गिअरचा, साधारण ८ ते १० किलो-सेमी ताकद आणि ६० अंशाला ०.१० सेकंदाच्या आसपास वेग. याहून ताकदवान सर्व्हो घेतला तर तो चाकं वळवण्याऐवजी सेव्हर वाकवण्यात ताकद घालवतो. रिमोटवरचा ट्रिम (मधली जागा बारीक जुळवायची सोय) शून्यावर ठेवून, सर्व्हो मधोमध असतानाच हॉर्न (सर्व्होवरची तरफ) बसवा. आधी हॉर्न बसवून मग ट्रिमनं जुळवणाऱ्यांची गाडी डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरं वळते.

डॅम्पर

साध्या किटमधले डॅम्पर म्हणजे प्लास्टिकचा दांडा आणि त्यावर स्प्रिंग. तेल नाही, पिस्टन नाही. गाडी खड्ड्यातून गेली की बाहुलीसारखी उड्या मारते. इथे टामियाचेच सीव्हीए सुपर मिनी ऑइल डॅम्पर बसतात. ते प्लास्टिकचे आहेत, पण चोख आहेत. ॲल्युमिनियमचे डॅम्पर दिसायला छान असतात, पण नीट बसवलेला सीव्हीए त्यांना लाजवतो.

खरं काम तेल भरण्यात आहे. डॅम्पर उभा धरा, दांडा पूर्ण खाली ओढा, तेल काठोकाठ भरा. मग दांडा अगदी सावकाश वर-खाली करा. पिस्टनच्या भोकांतून बुडबुडे वर येताना दिसतील. दहा मिनिटं तसाच उभा ठेवा, चहा पिऊन या. बुडबुडे वर जमलेले दिसले की दांडा खालीच ठेवून डायफ्रॅम (रबरी पडदा) वर बसवा आणि झाकण लावा. बाहेर सांडणारं तेल सांडू द्या, त्याची काळजी नको. आता दांडा दाबून सोडा. चारही डॅम्पर सारख्याच वेगानं आणि सारखेच परत वर आले पाहिजेत. एकाचा दांडा पूर्ण बाहेर उसळत असेल, तर त्यात तेल जास्त झालंय. मी हे नेहमी जोडीनं तपासतो. पुढचे दोन शेजारी-शेजारी धरून एकदम दाबतो, म्हणजे फरक लगेच दिसतो.

तेल किती जाड? सुरुवातीला ३०० ते ४०० चं (बाटलीवरचा आकडा, मोठा तितकं जाड). मे महिन्यात दुपारी डांबर इतकं तापतं की चटका बसतो. तिथे डॅम्परमधलं तेलही पातळ होतं, म्हणून मी उन्हाळ्यात मागे-पुढे दोन्हीकडे एक पायरी जाड तेल घालतो. गाडी वळणावर झुलत असेल तर आधी स्प्रिंग बदला, तेल नंतर. स्प्रिंग गाडी किती झुकेल ते ठरवते, तेल किती लवकर झुकेल ते ठरवतं. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धे वाद मिटतात.

टायर: इथे खिसा मोकळा सोडा

गाडी रस्त्याला फक्त चार तळव्यांवर टेकते. त्या तळव्यांपेक्षा महत्त्वाचं काही नाही. किटमधले टायर टिकाऊ असतात, पण पकड जेमतेम. ते पार्किंगमध्ये घसरवायला बरे, वेगानं वळायला नाहीत.

टूरिंग कारच्या चाकाला १२ मिमीचा षट्कोनी हब लागतो, आणि रुंदी साधारण २४ किंवा २६ मिमी असते. रेसवाले रबर टायर आकड्यांनी ओळखतात. सोरेक्ससारख्या टायरवर २८, ३६, ४० असे आकडे असतात. आकडा जितका मोठा तितकं रबर कडक आणि जास्त तापलेल्या ट्रॅकसाठी. थंड किंवा घरातल्या कार्पेटच्या ट्रॅकवर २८ चांगला. आपल्याकडे उन्हाळ्यात सकाळी नऊनंतरच्या डांबरावर ३६ बरा, दुपारी ४०. हिवाळ्याच्या पहाटे मी ३६ लावून चालवतो आणि पहिल्या दोन फेऱ्या गाडी बर्फावर असल्यासारखी घसरते. टायर गरम झाले की मग पकडते.

पेव्हर ब्लॉक हा आपल्या सोसायट्यांचा खास शाप. तिथे महागडे स्लिक (नक्षी नसलेले) टायर लावू नका, ब्लॉकच्या कडा ते दोन रविवारांत खातात. शिवाय फटींतली वाळू रबरावर बसते आणि पकड जाते. अशा जागी किटमधलेच टायर वापरा. खेळण्याआधी झाडू मारा. आमच्यातला एक जण झाडू घेऊनच येतो. आम्ही त्याला हसायचो. आता आम्हीही मारतो.

टायर चिकटवतानाचं एक सांगायलाच हवं. रिम आणि टायर दोन्ही आधी साबणानं धुवा. नव्या टायरला साच्यातून येणारा तेलकट थर असतो, त्यावर सुपरग्लू धरत नाही. आतला फोम चाकाच्या मधोमध नीट बसला आहे ना ते बघा. मग टायरची कड बोटानं थोडी मागे ओढून चार जागी ग्लूचा एकेक थेंब, सुकल्यावर पूर्ण गोल. रिमला हवेसाठी भोक नसेल तर एक पाडा.

डिफरन्शिअल

डिफरन्शिअल, थोडक्यात डिफ, डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देतो. पुढे आणि मागे दोन्हीकडे गिअर डिफ आहे. किटमधल्या ग्रीसनं तो खूप मोकळा राहतो. वळणातून बाहेर पडताना आतलं पुढचं चाक उचललं गेलं की सगळी ताकद त्या हवेतल्या चाकात जाते, आणि गाडी ओढत नाही. म्हणून पुढच्या डिफमध्ये घट्ट ग्रीस भरतात. टामियाचं अँटी-वेअर ग्रीस यासाठीच ओळखलं जातं, ते मधासारखं चिकट असतं. पुढचा डिफ घट्ट, मागचा त्याहून मोकळा. मागचाही घट्ट केला तर वळणात मागचा भाग झटक्यानं बाहेर निघतो. डिफ हातात धरून एक बाजू फिरवा आणि दुसरी उलटी फिरताना किती विरोध होतो ते बघा. पुढचा मागच्यापेक्षा साधारण दुपटीनं जड लागला तर बरोबर. हा माझा अंदाज आहे. मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही.

पिनिअन, स्पर आणि ते गणित

आता गंमतीचा भाग. गाडीचा एकूण रेशो असा काढतात: स्परचे (पिनिअन ज्याला फिरवतं त्या मोठ्या दातेरी चाकाचे) दाते भागिले पिनिअनचे दाते, गुणिले गाडीच्या आतला रेशो. टीटी-०२ चा आतला रेशो २.६. किटमध्ये स्पर ७० दात्यांचा आणि पिनिअन २२ चं. म्हणजे ७० ÷ २२ × २.६ = ८.२७. मोटर ८.२७ वेळा फिरली की चाक एकदा फिरतं. पिनिअन २५ चं लावलं तर ७.२८. ऑप्शन सेटमधला ६८ दात्यांचा स्पर लावून २५ चं पिनिअन ठेवलं तर ७.०७. आकडा जितका लहान, तितका टॉप स्पीड जास्त, पिकअप कमी आणि मोटर जास्त गरम.

टायरचा व्यास ६३ मिमी धरला तर परीघ सुमारे १९८ मिमी. ८.२७ ला मोटरच्या एका फेरीत गाडी सुमारे २४ मिमी पुढे जाते, ७.२८ ला २७ मिमी. फरक ३ मिमीचा दिसतो, पण तो १३-१४ टक्के आहे. आणि लहान पार्किंगमध्ये टॉप स्पीड गाठायला जागाच नसते. तिथे मोठं पिनिअन लावणं म्हणजे मोटर उगाच तापवणं.

मी हे स्वतः करून बघितलंय. दुसऱ्या महिन्यात एकदम तीन दाते वाढवले, एप्रिलमध्ये अकरा वाजता सलग दोन बॅटऱ्या चालवल्या. दुसऱ्या बॅटरीच्या शेवटी गाडीतून गोड-जळकट वास आला आणि ती उभी राहिली. मोटरचे ब्रश संपले होते. चूक पूर्ण माझी. तेव्हापासून चारशे-पाचशे रुपयांचा इन्फ्रारेड थर्मामीटर खिशात असतो. पाच मिनिटं चालवायची, थांबायचं, मोटरच्या कॅनवर (बाहेरच्या डब्यावर) नेम धरून तापमान बघायचं. साध्या ब्रश मोटरला मी ७० अंशांच्या पुढे जाऊ देत नाही. पुढे गेलं की एक दाता कमी. आणि वाढवायचा असेल तर एकावेळी एकच दाता.

पिनिअन ०.६ मॉड्यूलचं (हे दात्यांचं माप) लागतं, बाजारात ४८ पिचची, म्हणजे वेगळ्या मापाची, पिनिअन सहज मिळतात पण ती इथे लावू नका, दाते जुळत नाहीत. मऊ ॲल्युमिनियमचं पिनिअन लवकर झिजतं. ते झिजलं की स्परलाही खातं आणि आवाज बदलतो, पूर्वी शीळ घालणारी गाडी आता किरकिरते. कडक स्टीलचं पिनिअन घ्या. मोटर कुठल्या पिनिअनला कुठल्या जागी बसवायची याचं कोष्टक मॅन्युअलमध्ये आहे, ते पाळा. तरीही मधली फट एकदा तपासा. कागदाची पातळ पट्टी दोन गिअरच्या मध्ये घालून फिरवा. ती फाटली नाही आणि सुरकुतली, तर फट ठीक.

मोटर, ईएससी, बॅटरी

किटमधली साधी चांदीच्या रंगाची ५४० मोटर वाईट नाही. नव्या माणसाला तीच बरी. नंतर टामियाची टॉर्क-ट्यून्ड किंवा स्पोर्ट-ट्यून्ड लावा. पण त्याआधी ईएससीच्या (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या उपकरणाच्या) खोक्यावर लिहिलेली टर्नची, म्हणजे मोटरमधल्या तारेच्या वेढ्यांची, मर्यादा वाचा. तिथे २५ टी (२५ टर्न) लिहिलं असेल, तर त्यापेक्षा कमी टर्नची मोटर लावायची नाही. मोटरचे टर्न जितके कमी, तितकी ती जोरात फिरते आणि तितका जास्त करंट ओढते.

ब्रशलेसचा, म्हणजे ब्रश नसलेल्या मोटरचा, मोह सगळ्यांना होतो. इथे एक गोम आहे, जी दुकानदार सांगत नाहीत. रेसमध्ये शून्य टायमिंगवर (ईएससीनं वेग न वाढवता) चालणाऱ्या १७.५ टी मोटरला साधारण ४ ते ५ चा रेशो लागतो. टीटी-०२ चा आतला रेशोच २.६ आहे. ६८ च्या स्परला २९ दात्यांचं पिनिअन धरलं तरी ६.१ येतो. म्हणजे त्या मोटरवर जो वेग मिळायला हवा, तिथपर्यंत ही गाडी जाणारच नाही. महागडी मोटर घेऊन गाडी स्पोर्ट-ट्यून्डपेक्षा थोडीच पळाली, की लोक मोटरला शिव्या देतात. या गाडीत ब्रशलेस लावायचीच तर १३.५ टी जास्त शहाणपणाची. आणि मग किटचा प्लास्टिकचा प्रोपेलर शाफ्ट (पुढे-मागे ताकद नेणारा मधला दांडा) बदलून ॲल्युमिनियमचा घाला, कारण जास्त वेगात प्लास्टिकचा शाफ्ट थरथरतो आणि आवाज करतो. याच टप्प्यावर पुढच्या दोन चाकांना युनिव्हर्सल शाफ्ट लावा. पूर्ण वळवलेल्या स्टिअरिंगवर डॉगबोन (किटमधले साधे दांडे) खडखडतात, ते थांबतं. मागच्या चाकांना त्याची गरज नाही, तिथे पैसे वाचवा.

बॅटरी घेताना कंपार्टमेंट मोजा. नेहमीची दोन सेलची हार्डकेस लिपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) साधारण १३८ ते १३९ मिमी लांब, ४६-४७ मिमी रुंद आणि २५ मिमी उंच असते. चौकोनी कडांची बॅटरी काही गाड्यांत अडकते, मग चॅसिसचं प्लास्टिक (बॅटरी नव्हे) कानशीनं दोन मिमी घासावं लागतं. दोन सेल म्हणजे ७.४ व्होल्ट, पूर्ण चार्ज ८.४. सेल ३.२-३.३ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नका. ईएससीला लिपो कटऑफ (बॅटरी उतरली की आपोआप थांबायची सोय) नसेल तर बॅटरीच्या बॅलन्स वायरला लावायचा छोटा अलार्म घ्या. आठवडाभर चालवणार नसाल तर सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवा. पूर्ण चार्ज करून उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवलेली लिपो फुगते. फुगलेली लिपो परत वापरायची नाही, यावर वाद नाही. चार्जिंग फरशीवर, आणि समोर बसून.

जे मी आता घेत नाही

ॲल्युमिनियमचे सस्पेन्शन आर्म. प्लास्टिकचा आर्म आपटल्यावर वाकतो आणि परत जागेवर येतो. ॲल्युमिनियमचा वाकला की वाकलाच, आणि धक्का पुढे चॅसिसला देतो, जो त्याहून महाग. ॲल्युमिनियमचे पुढचे नकल चालतील, पण आर्म नाही. मागच्या चाकांच्या टो-इनसाठी (चाकांची पुढची कड किंचित आत वळलेली असणं) सुमारे अडीच अंशाचे ॲल्युमिनियम अपराइट (चाक धरणारे भाग) मिळतात. गाडी सरळ रस्त्यावर मागून झुलत असेल तर ते घ्या, नाही तर नको. निळे वॉशर, निळे नट, निळे बॉडी पोस्ट मी घेतले होते. अजून आहेत. दिसतात छान.

मागवायचे भाग आणि कस्टम्स

हे भारतात राहणाऱ्यांसाठी. सुटे भाग बाहेरून मागवणार असाल तर किमतीत कर धरूनच चाला. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) प्रमाणपत्राची सक्ती आहे. रिमोट आणि रिसीव्हर हे वायरलेस उपकरण, त्यामुळे तो मागवला तर डब्ल्यूपीसीच्या ईटीएचा (दूरसंचार खात्याकडून वायरलेस उपकरणाला लागणाऱ्या मंजुरीचा) प्रश्न येतो. लिपो विमानानं पाठवणं धोकादायक मालाच्या नियमांत येतं. म्हणून माझी पद्धत अशी: रिमोट, ईएससी आणि बॅटरी इथल्याच दुकानातून, आणि बाहेरून फक्त लहान यांत्रिक भाग. एकदा एका वेबसाइटवरून मी सगळं एकत्र मागवलं. रिमोटमुळे अख्खं पार्सल दीड महिना अडकून राहिलं, आणि त्यात साधे शिम वॉशरही होते.

बॉडी आणि वही

लेक्सन (पारदर्शक पॉलीकार्बोनेट) बॉडीला रंग आतून लावतात आणि पॉलीकार्बोनेटचाच रंग लागतो. प्लास्टिक मॉडेलचा रंग लावला तर तो पापड्या होऊन सुटतो. गडद रंग पांढऱ्याच्या आधी मारा, नाही तर बाहेरून तो आरपार दिसतो. पुढच्या बंपरच्या आतल्या बाजूला जाळीची टेप आणि रबरी गोंद लावला की बॉडी दुप्पट टिकते.

बदल एकावेळी एकच करा आणि लिहून ठेवा. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशामुळे गाडी सुधारली ते कधीच कळत नाही. माझी वही शाळकरी आहे, दोनशे पानी. या रविवारची नोंद अशी: "सकाळी ८. डांबर कोरडं. टायर ३६. तेल पुढे ४००, मागे ४००. पिनिअन २३. मोटर ५८ अंश. डाव्या वळणात मागचा भाग सुटतो. मागच्या डाव्या हबला ०.१ चा शिम जास्त झालाय, चाक अडतं. पुढच्या वेळी काढून बघणे."